झाकली मूठ : लेनॉक्स लुईसच्या निवृत्तीचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची रीत आहे. इथे तिचा काही उपयोग नाही. हेवीवेटचा विश्वविजेता, त्याचा शेवटचा प्रतिस्पर्धी, त्या रात्रीच्या जजांचे गुण, सगळं जगासमोर घडलेलं आहे. 'अ' आणि 'ब' लिहिलं तरी बॉक्सिंग पाहणारा दुसऱ्या ओळीला ओळखेल. म्हणून नावं आहेत तशीच ठेवली आहेत.

निवृत्तीच्या वेळेचा विषय निघाला की मुहम्मद अलीचं उदाहरण पुढे येतं. १९८० मध्ये लॅरी होम्सकडून मार खाल्ला, तरी १९८१ मध्ये बहामाजमध्ये ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध पुन्हा उतरला आणि हरला. त्या प्रकरणावर वाद उरलेला नाही. तो फार उशिरा थांबला, हे सगळेच मान्य करतात. लुईसचं तसं नाही. तो वेळेवर थांबला की पळाला, यावर वीस वर्षांनंतरही दोन तट आहेत. दोघांकडेही पुरावा आहे आणि गंमत म्हणजे तो एकाच लढतीचा आहे.

पार्श्वभूमी

लुईस १९६५ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅम भागात जन्मला. आईवडील जमैकाचे. बाराव्या वर्षी तो आईबरोबर कॅनडातल्या किचनर गावी गेला आणि बॉक्सिंग तिथेच शिकला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तो टायरेल बिग्सकडून हरला. त्या वयातला दुसरा कोणी असता तर लगेच व्यावसायिक झाला असता. लुईस चार वर्षं हौशी बॉक्सर म्हणून थांबला आणि १९८८ मध्ये सोलला अंतिम लढतीत अमेरिकेच्या रिडिक बो याला हरवून कॅनडासाठी सुवर्णपदक घेऊन आला. घाई न करण्याचा हा स्वभाव पुढे पुन्हा दिसेल.

१९८९ मध्ये तो ब्रिटनला परतला आणि व्यावसायिक झाला. १९९२ मध्ये याच रिडिक बोने लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसी या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तो पट्टा न लढता लुईसकडे आला. जगज्जेतेपदाची सुरुवातच अशी झाल्यामुळे 'खरा विजेता' ही पदवी मिळवायला त्याला पुढची सात वर्षं लागली.

शिवाय प्रेमाच्या बाबतीत तो कायम उपरा राहिला. ब्रिटिशांना तो कॅनडाचा वाटे, अमेरिकनांना ब्रिटिश. शांत बोलायचा, बुद्धिबळ खेळायचा, रिंगमध्ये लांब डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ झटक्याचा ठोसा, मारत समोरच्याला दूर ठेवायचा. त्याच काळातल्या माइक टायसनसारखी दहशत त्याच्या नावाला कधी चिकटली नाही आणि इव्हँडर होलीफिल्डसारखी सहानुभूतीही मिळाली नाही. ही बाब बारीक वाटते, पण निवृत्तीच्या वेळी ती महागात पडली. लाडक्या खेळाडूच्या निर्णयाचा लोक चांगला अर्थ लावतात; लुईसच्या खात्यात ती शिल्लक नव्हती.

कारकिर्दीत तो दोनदा हरला. १९९४ मध्ये वेम्बलीला ऑलिव्हर मॅकॉलने दुसऱ्या फेरीत, आणि एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने पाचव्या फेरीत त्याला संपवलं. दोन्ही वेळा एकच उजवा ठोसा पुरला. पहिल्या पराभवानंतर त्याने मॅकॉलच्याच कोपऱ्यात बसलेला प्रशिक्षक, इमॅन्युएल स्टुअर्ड, आपल्याकडे घेतला. दुसऱ्या पराभवानंतर रहमान परत लढायला टाळाटाळ करू लागला, तेव्हा करारातल्या रीमॅचच्या कलमावर बोट ठेवून लुईस न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये लास व्हेगासला चौथ्या फेरीत त्याला आडवा केला. मॅकॉलचा हिशेब त्याआधी १९९७ मध्येच चुकता झाला होता. मार्च १९९९ मध्ये होलीफिल्डविरुद्धची लढत उघडउघड जिंकूनही जजांनी बरोबरीत सोडवली, ती नोव्हेंबरमध्ये दुरुस्त झाली आणि डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या संघटनांचे तिन्ही मोठे पट्टे त्याच्याकडे आले. जून २००२ मध्ये मेम्फिसला आठव्या फेरीत टायसन पडला.

म्हणजे २००२ च्या मध्याला त्याच्याकडून काही येणं राहिलेलं नव्हतं. वय ३७ ला टेकलेलं. व्यावसायिक रिंगमध्ये समोर आलेल्या प्रत्येक माणसाला त्याने कधी ना कधी हरवलेलं होतं.

एक खूण मात्र तेव्हाही दिसत होती. रहमानकडून हरला तेव्हा त्याचं वजन २५३.५ पाउंड होतं. सूड घेतला तेव्हा २४६.५. टायसनसमोर २४९ च्या थोडं वर. हा माणूस मनापासून तयारी करतो तेव्हा वजन काट्यावर उतरतं आणि मन दुसरीकडे असलं की चढतं, हे त्याच्या कोपऱ्यातल्यांना ठाऊक होतं. हेवीवेटला वजनाची वरची मर्यादा नसते, त्यामुळे काटा कोणी अडवत नाही. तो फक्त सांगतो.

प्रसंग : लॉस एंजेलिस, २१ जून २००३

टायसननंतर लुईस वर्षभर लढलाच नाही. आयबीएफने ख्रिस बर्डशी लढायला सांगितलं तेव्हा त्याने तो पट्टाच सोडून दिला. मग जून २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये कर्क जॉन्सनविरुद्ध लढत ठरली. जॉन्सन बेताच्या उंचीचा. लुईससाठी अवघड माणूस नव्हे.

लढतीला दोन आठवडेही उरले नसताना जॉन्सन छातीच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर पडला. त्याच कार्यक्रमात दुसऱ्या कोणाशी लढायला युक्रेनचा विताली क्लिच्को तयार होत होता. डब्ल्यूबीसीच्या यादीत तोच पहिला आव्हानवीर होता. वय ३१, उंची जवळपास सहा फूट आठ इंच, ३३ लढतींत एकच पराभव, तोही आघाडीवर असताना खांदा दुखावल्यामुळे स्टुलावरून न उठल्याने झालेला.

इथे पहिला निर्णय आला. लुईस लढत पुढे ढकलू शकत होता. विजेता तो, अडचण समोरच्याची. पण त्याने होकार दिला. आयुष्यभर आपल्यापेक्षा बुटक्यांना जॅबवर ठेवलेला माणूस आपल्याहून उंच आणि सहा वर्षांनी लहान प्रतिस्पर्ध्याला दोन आठवड्यांच्या आत सामोरा जाणार होता. काट्यावर तो उभा राहिला २५६.५ पाउंडांनिशी, म्हणजे कारकिर्दीतल्या सर्वांत जास्त वजनाने.

दुसऱ्या फेरीत वितालीच्या उजव्या ठोशांनी लुईस हेलपाटला. तिसऱ्या फेरीत लुईसचा उजवा वितालीच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि पापणी फाटली. तिथून पुढे तीन फेऱ्या दोघंही दमलेले आणि दोघंही ठोसे देत राहिलेले. सफाई संपली होती, लुईस धापा टाकत होता, वितालीचा अर्धा चेहरा लाल झाला होता. सहाव्या फेरीत लुईसचा एक अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, असा बसला की वितालीची मान मागे गेली, तरी गडी उभाच. सातवी सुरू होण्याआधी डॉक्टरांनी लढत थांबवली. मान वर केली की फाटलेली वरची पापणी नजरेच्या आड येते, हे त्यांचं कारण. वितालीला सुमारे ६० टाके पडल्याच्या बातम्या आल्या. तो डॉक्टरांशी, पंचाशी, सगळ्यांशी भांडत होता आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने ओरडत होते.

अडचण नेमकी काय होती

निकाल लुईसच्या बाजूने, तांत्रिक नॉकआऊट. पण सहा फेऱ्यांअखेर तिन्ही जजांचे गुण होते ५८–५६, वितालीकडे. सहापैकी चार फेऱ्या आव्हानवीराने जिंकलेल्या.

हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते नियम पाहिल्याशिवाय कळत नाही. डोक्याला डोकं आपटून जखम झाली असती, तर चार फेऱ्यांनंतर गुण मोजले गेले असते आणि विताली जगज्जेता झाला असता. जखम नियमात बसणाऱ्या ठोशाने झाली असेल तर गुणांना किंमत उरत नाही. ज्याचा ठोसा, त्याची लढत. लुईसचा ठोसा स्वच्छ होता. म्हणजे विजयात खोट नाही. जखम करणं हाही बॉक्सिंगचाच भाग आहे आणि नशिबाने जिंकला असं म्हणणाऱ्यांनी तो उजवा ठोसा पुन्हा पाहावा.

तरीही लोकांच्या मनात जे राहिलं ते वेगळं होतं. टायसनला लोळवणारा लुईस आणि तोंड उघडं टाकून श्वास घेणारा लुईस यांत एकाच वर्षाचं अंतर होतं. बॉक्सरचं वय असंच दिसतं. आधी प्रतिक्षेप जातो, मग पाय. ठोशातली ताकद सर्वांत शेवटी. म्हणून म्हातारा हेवीवेट एका ठोशाने जिंकू शकतो आणि त्या जिंकण्यामुळेच त्याला वाटतं की अजून सगळं शाबूत आहे. टायसननंतर लुईसला नेमकं हेच वाटलं असावं, असा माझा अंदाज आहे.

आता रीमॅच होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. बोलणी सुरू झाली, डिसेंबरची तारीख चर्चेत आली.

समोरचे पर्याय

पहिला, रीमॅच. पैसा अमाप होता. हेवीवेटमध्ये त्या वर्षी लोकांना दुसरी कुठलीच लढत नको होती. शिवाय लुईसचा स्वतःचा इतिहास याच बाजूने बोलत होता: मॅकॉल, होलीफिल्ड, रहमान, तिघांशी पुन्हा लढला आणि तिन्ही वेळा जिंकला. स्टुअर्डसारखा प्रशिक्षक, पूर्ण शिबिर, दहा पाउंड कमी वजन आणि उंच प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास झाला असता, तर लुईस जिंकला असता असं मानणारे जाणकार आजही भेटतात. अडचण एकच. आधीच्या तिन्ही रीमॅचमध्ये तो बेफिकिरीने किंवा जजांमुळे गमावलेलं परत मिळवायला गेला होता. इथे त्याने काही गमावलेलंच नव्हतं. जिंकलेली लढत परत जिंकायची, आणि हरला तर आधीचा विजयही पुसून जायचा, असा हा सौदा होता. त्यात वितालीही तयारीनिशी येणार होता. दोन आठवड्यांची सूचना त्यालाही तितकीच अपुरी होती.

दुसरा, सोपा माणूस शोधणं. रॉय जोन्सने मार्च २००३ मध्ये जॉन रुईझला हरवून डब्ल्यूबीएचा हेवीवेट पट्टा घेतला होता. मूळचा मिडलवेट, म्हणजे बऱ्याच हलक्या वजनगटातला विजेता असलेला जोन्स लुईससमोर फारच छोटा दिसला असता. पैसे आले असते, धोका नव्हता, पण आब राहिला नसता. वितालीला सोडून जोन्सशी लढला असता तर पळाल्याचा आरोप सिद्धच झाला असता.

तिसरा, पट्टा सोडून नुसतं थांबायचं, निवृत्ती जाहीर न करता. बॉक्सिंगमध्ये हे फार चालतं. दार किलकिलं ठेवलं की भाव टिकतो. यात मन कधी निवृत्त होतच नाही आणि दोन-तीन वर्षांनी पैशांची गरज किंवा कंटाळा माणसाला परत रिंगमध्ये आणतो. जुन्या काळचा अमेरिकन हेवीवेट विजेता जो लुईस (नाव सारखं, माणूस वेगळा) याची गोष्ट हीच आहे. तो १९४९ मध्ये विजेता म्हणून थांबला होता. आयकराच्या थकबाकीने त्याला १९५० मध्ये परत आणलं आणि १९५१ मध्ये तरुण रॉकी मार्सियानोने त्याला दोरांतून बाहेर फेकलं. लेनॉक्सला तशी तंगी नव्हती, आणि पर्याय तोलताना हे सर्वांत वजनदार होतं असं मला वाटतं. योग्य वेळी थांबण्याच्या गोष्टी आपण विवेकाच्या म्हणून सांगतो. पुष्कळदा त्या शिलकीच्या असतात.

चौथा, सरळ निवृत्ती.

काय केलं

बराच काळ काहीच केलं नाही. जून ते फेब्रुवारी, साडेसात महिने. डिसेंबरच्या रीमॅचची बोलणी फिसकटली. ज्या तारखेला लुईस आणि विताली समोरासमोर यायचे, त्या ६ डिसेंबरला न्यूयॉर्कला विताली लढला तो कर्क जॉन्सनशी, आणि दुसऱ्याच फेरीत त्याला संपवलं. ज्या माणसासाठी लुईसने शिबिर केलं होतं, त्याचं वितालीने दोन फेऱ्यांत काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं. विताली कोण आहे याबद्दल उरलीसुरली शंका त्या रात्री मिटली. डब्ल्यूबीसीलाही आता लुईसकडून हो किंवा नाही हवं होतं.

६ फेब्रुवारी २००४ ला लंडनमध्ये लुईसने निवृत्ती जाहीर केली. वय ३८. आकडे असे: ४४ लढती, ४१ विजय, त्यांतले ३२ नॉकआऊट, दोन पराभव, एक बरोबरी. हेवीवेटच्या इतिहासात जीन टनी आणि रॉकी मार्सियानो या दोघांनीच विजेते असताना थांबून पुन्हा ग्लोव्हज घातले नव्हते. लुईसने स्वतःला त्यांच्या रांगेत बसवलं.

ही तुलना जितकी साजरी केली जाते तितकी बरोबर नाही. टनी १९२८ मध्ये टॉम हीनीला सहज हरवून थांबला. मार्सियानोला सप्टेंबर १९५५ मध्ये आर्ची मूरने दुसऱ्या फेरीत खाली पाडलं होतं, पण नवव्या फेरीत मूर संपला आणि १९५६ मध्ये मार्सियानोने ४९–० वर खातं बंद केलं. दोघांच्याही दाराशी 'पुन्हा लढ' म्हणत कोणी उभं नव्हतं. लुईसच्या दाराशी विताली होता, टाक्यांचे व्रण घेऊन.

परिणाम

लगेचचा परिणाम कडू होता. पळाला, असं लिहिलं गेलं, बोललं गेलं. आपल्याकडे विजय मर्चंट यांच्या नावावर एक सल्ला सांगतात: लोक 'का?' विचारतात तेव्हाच थांबावं, 'कधी?' विचारू लागेपर्यंत नाही. सुनील गावसकर १९८७ मध्ये बंगळुरूच्या अवघड खेळपट्टीवर ९६ धावा करून कसोटीतून बाहेर पडले तेव्हा लोकांनी हळहळून 'का?' विचारलं. लुईसलाही लोकांनी 'का?'च विचारलं, पण संशयाने. मर्चंटांचा सल्ला तंतोतंत पाळूनही माणूस आरोपी होऊ शकतो, हे या प्रकरणात दिसतं. क्रिकेटमध्ये निवृत्ती ही फलंदाज आणि त्याचं वय यांच्यातली बाब असते. बॉक्सिंगमध्ये एक तिसरा माणूस असतो, ज्याची पाळी तुमच्या जाण्याने हुकते.

पुढची काही वर्षं लुईसने काही केलं नाही, त्याच्या पिढीने केलं. मे २००४ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी, रॉय जोन्सला अँटोनिओ टार्व्हरने दुसऱ्या फेरीत एका डाव्या ठोशाने झोपवलं. सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने तेच केलं. जोन्स रुईझनंतर थांबला असता तर सर्वकालीन यादीत आज कितव्या जागी असता, याची चर्चा त्याचे चाहते अजून करतात. जुलै २००४ मध्ये टायसन डॅनी विल्यम्ससमोर खाली बसला, जून २००५ मध्ये केव्हिन मॅकब्राइडसमोर सहाव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही. होलीफिल्ड २०११ पर्यंत लढत राहिला. प्रत्येक पराभवागणिक फेब्रुवारी २००४ चा निर्णय जास्त शहाणा दिसू लागला. लुईसला कसलाही खुलासा करावा लागला नाही.

दीर्घ मुदतीचा परिणाम जास्त गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. लुईसच्या शेवटच्या लढतीची किंमत लुईसच्या हातातून निघून वितालीच्या हातात गेली. एप्रिल २००४ मध्ये वितालीने कोरी सँडर्सला हरवून मोकळा झालेला पट्टा घेतला. समजा, पुढच्याच वर्षी तो कोणा सामान्य माणसाकडून कोसळला असता. मग जून २००३ चा अर्थ असा निघाला असता, की लुईस इतका थकला होता की असल्यालाही कसाबसा आवरला. झालं उलटं. वितालीची कारकीर्द ४५ विजय आणि दोन पराभवांवर संपली, दोन्ही पराभव दुखापतीचे, आणि व्यावसायिक रिंगमध्ये तो एकदाही खाली पडला नाही. त्यामुळे लुईसचा तो विजय वर्षागणिक मोठा होत गेला: ३७ व्या वर्षी, अपुऱ्या तयारीनिशी, या माणसाला हरवलं! आणि त्याच कारणाने संशयही तितकाच मोठा झाला, कारण एवढ्या मोठ्या माणसाशी रीमॅच टाळली.

वितालीच्या पुढच्या आयुष्याने आणखी एक अडचण करून ठेवली आहे. तो स्वतः नोव्हेंबर २००५ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे निवृत्त झाला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये बर्लिनला परत येऊन सॅम्युएल पीटरकडून पट्टा घेऊन गेला. मग २०१३ च्या अखेरीस, राजकारणासाठी, विजेता असतानाच बाजूला झाला आणि पुढे कीव्हचा महापौर झाला. परत येणारा बॉक्सर नाव घालवतो, या नियमाला त्याने सुरुंग लावला. म्हणजे निवृत्ती मोडण्यात मूळ दोष नाही. जखम बरी होऊन परतणं आणि वय झाल्यावर परतणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

लुईसने निवृत्ती मोडली नाही. परत येणार अशा बातम्या अधूनमधून उठत राहिल्या, तो अमेरिकन वाहिनीवर समालोचन करत राहिला. २००९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याने मिळवलेलं निर्विवाद हेवीवेट विजेतेपद त्याच्यानंतर कोणाकडेच एकत्र आलं नाही. ते थेट १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवलं तेव्हा. ही चोवीस वर्षं पट्ट्यांच्या राजकारणाने त्याला फुकटात दिली. हेवीवेटचा कुठलाही मोठा सामना आला की 'लुईसनंतर पहिला' हे शब्द यायचेच.

वेगळं काय करता आलं असतं

निवृत्तीचा निर्णय मला बरोबर वाटतो. ते साडेसात महिने बरोबर वाटत नाहीत. जुलै २००३ मध्येच तो म्हणाला असता, की मी जिंकलो, पण माझं शरीर आता त्या पातळीचं राहिलेलं नाही, हे मला सहाव्या फेरीत कळलं, तर लोकांनी नावं ठेवली असती, पण पळाला म्हणाले नसते. बोलणी करायची, तारीख चर्चेत येऊ द्यायची, समोरच्याला ताटकळत ठेवायचं आणि मग थांबायचं, यात थांबण्याचा मान कमी होतो. वितालीची तक्रारही मुख्यतः हीच असू शकते.

पुढे वितालीचा धाकटा भाऊ व्लादिमीर याच वळणावर आला. एप्रिल २०१७ मध्ये वेम्बलीला अँथनी जोशुआकडून अकराव्या फेरीत हरला. करारात रीमॅचचा हक्क होता. ऑगस्टमध्ये, ४१ व्या वर्षी, त्याने तो न वापरता निवृत्ती घेतली. त्याला कोणी पळपुटा म्हटलं नाही. तीन-सव्वातीन महिन्यांत निर्णय झाला हे एक कारण. दुसरं, तो हरला होता. रीमॅच नाकारायचा अधिकार लोक हरलेल्याला देतात. जिंकलेल्याने नाकारली की हिशेब बाकी राहिल्यासारखा वाटतो. यावर लुईसकडे उपाय नव्हता.

दुसरी जागा जून २००३ चीच. बदली प्रतिस्पर्धी नाकारणं. नियमाने ते शक्य होतं. पण विजेता स्वतःहून लढत पुढे ढकलतो तेव्हा तिकिटं, वाहिनी, आयोजक यांचा सगळा दाब त्याच्यावर येतो, आणि २५६ पाउंडांच्या माणसाने शिबिरात पुन्हा तीन महिने काढायचे म्हटले तर तो कदाचित लढलाच नसता. काट्यावरचा आकडा पाहून कोपऱ्यातल्या कोणी तरी 'नको' म्हणायला हवं होतं. स्टुअर्डइतका अनुभवी माणूस तिथे होता. तरी लढत झाली, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातली खरी ढिलाई ती आहे, निवृत्ती नव्हे.

तिसरी जागा मेम्फिस. टायसन पडला त्या रात्री थांबायचं. हे उत्तर सर्वांना सुचतं. सगळे हिशेब चुकते, समोर कोणी उभं नाही, टनीसारखं स्वच्छ जाणं. पण त्याची किंमतही मोजायला हवी. २००२ चा टायसन बराचसा रिकामा होता, हे लुईसच्या विरोधकांनी तेव्हाच म्हटलं होतं. होलीफिल्डही १९९९ मध्ये ३७ च्या आसपास होता. मेम्फिसला थांबला असता तर लुईसच्या यादीतली दोन सर्वांत मोठी नावं उतरणीवरच्या माणसांची राहिली असती. चढत्या काळातला, आपल्याहून उंच, तितकाच ताकदवान हेवीवेट त्याच्या यादीत एकच आहे, आणि तो लॉस एंजेलिसच्या त्या बेढब सहा फेऱ्यांमधून आलेला आहे. पळाल्याचा आरोपही तिथूनच आला. दोन्हींपैकी एकच उचलायची सोय लुईसला नव्हती, आणि मला विचाराल तर ती लढत त्याच्या खात्यात असलेलीच बरी.